दातांचा हजेरीपट

आमच्या पिढीला १९६५ म्हटलं की लालबहादूर शास्त्री आठवतात. पाकिस्तानशी युद्ध, खिडक्यांच्या काचांना चिकटवलेले काळे कागद, आणि शास्त्रीजींनी सांगितलं म्हणून घराघरांतून सोडलेलं सोमवारचं रात्रीचं जेवण. पुढे शाळेत तीसेक वर्षं मी हे साल शिकवलं. पण त्याच साली तिकडे उत्तर युरोपात, कॅटेगॅट नावाच्या समुद्राच्या पट्ट्याच्या दोन काठांवर, आणखी दोन गोष्टी घडल्या होत्या. त्यांचा आमच्या घराशी कधी संबंध येईल असं कुणी मला तेव्हा सांगितलं असतं तर मी हसले असते. एका काठावर स्वीडनमधलं गॉथेनबर्ग, दुसऱ्या काठावर डेन्मार्कमधलं ऑर्हुस. एकीकडे एका माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले गेले. दुसरीकडे बारा जणांना सांगण्यात आलं की आता काही दिवस दात अजिबात घासायचे नाहीत.

पहिली गोष्ट जगभर गाजली. दुसरी दंतवैद्यांच्या पाठ्यपुस्तकात जाऊन बसली. माझं म्हणणं इतकंच आहे की इम्प्लांटचा इतिहास या दोन्ही गोष्टी मिळून होतो, आणि आपल्याकडे मुख्यतः पहिलीच येऊन पोचली.

(मी इतिहासाची शिक्षिका, दातांची डॉक्टर नव्हे. दादाच्या दातांच्या निमित्तानं गेली दोन-तीन वर्षं मिळेल ते वाचते आहे. इंग्रजी निबंध मांडीवर शब्दकोश घेऊन वाचते, आणि जिथे अडतं तिथे भाची आहे. ती स्वतः डेंटिस्ट आहे आणि आत्येच्या फोनांना अजून तरी कंटाळलेली नाही. दादाचं पुढे येईलच.)

तर गॉथेनबर्ग. पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे मुळात दातांचे डॉक्टर नव्हतेच. १९५२ च्या सुमारास लुंड विद्यापीठात ते सशाच्या पायाच्या हाडात रक्त कसं फिरतं ते बघत होते. त्यासाठी आत भिंग बसवलेली टायटॅनियमची एक छोटी नळकांडी हाडात बसवायची आणि सूक्ष्मदर्शकातून पाहायचं. प्रयोग संपला, नळकांडी काढायला गेले, तर ती निघेना! हाड धातूला धरून बसलं होतं. दुसरा एखादा वैतागून नवीन नळकांडी मागवता. हे मात्र त्याच गोष्टीच्या मागे लागले, आणि १९६५ मध्ये गोस्टा लार्सन नावाच्या माणसाच्या खालच्या जबड्यात त्यांनी टायटॅनियमचे चार स्क्रू बसवले. लार्सनचा जबडा जन्मापासूनच सदोष होता, खाली दात नव्हते. त्या स्क्रूंवर बसवलेल्या दातांनी तो २००६ साली जाईपर्यंत जेवला. म्हणजे चाळीस वर्षांहून जास्त.

ही चाळीस वर्षांची गोष्ट आता सगळीकडे सांगितली जाते. मला मात्र दुसऱ्या एका कागदानं जास्त धरून ठेवलं. १९८१ साली गॉथेनबर्गच्या मंडळींनी पंधरा वर्षांच्या कामाचा अहवाल प्रसिद्ध केला. १९६५ ते १९८० या काळात ३७१ रुग्ण, त्यांचे ४१० बिनदातांचे जबडे, त्यांत २७६८ स्क्रू. ज्यांना पाच ते नऊ वर्षं झाली होती अशा गटात वरच्या जबड्यातले ८१ टक्के आणि खालच्या जबड्यातले ९१ टक्के स्क्रू घट्ट होते. पहिल्या वर्षापर्यंत स्क्रूभोवतीचं हाड सरासरी दीड मिलिमीटर झिजलं, आणि त्यानंतर वर्षाला फक्त ०.१ मिलिमीटर. याच आकड्यांच्या जोरावर १९८२ साली टोरोंटोला जॉर्ज झार्ब यांनी परिषद भरवली आणि तोवर इम्प्लांटवर विश्वास न ठेवणारी अमेरिका-कॅनडातली विद्यापीठं या पद्धतीकडे वळली.

पण त्याच अहवालात साधी नोंद आहे, की सगळे रुग्ण दरवर्षी तपासले जात होते. माझी शिक्षिकेची नजर तिथेच थबकली. दरवर्षी! अहो, ०.१ मिलिमीटर म्हणजे काय चीज आहे? आपल्या केसाच्या जाडीएवढी गोष्ट. ती मोजायची तर माणूस दर वर्षी यायला हवा, त्याचा फोटो काढायला हवा, मागच्या वर्षीचा फोटो कपाटात सापडायला हवा. आणि जो आला नाही त्याच्या नावापुढे रिकामा चौकोन दिसायला हवा. म्हणजे कुणीतरी तिथे हजेरीपट ठेवत होतं. जगानं ८१ आणि ९१ हे आकडे उचलले. ते कुठल्या शाळेतल्या मुलांचे गुण आहेत, त्या शाळेत गैरहजर मुलाच्या घरी निरोप जात होता की नाही, हे उचललं नाही.

जाता जाता एक गंमत. ब्रोनेमार्क यांनी १९७८ मध्ये ज्या कंपनीशी हातमिळवणी केली तिचं नाव बोफोर्स. होय, तीच! १९८७ मध्ये आपल्याकडे ज्या नावानं सरकार हादरलं ती तोफा बनवणारी. पोलादाचं आणि धातूचं काम त्यांना उत्तम येत होतं, म्हणून स्क्रूही त्यांनीच बनवले. नंतर त्यातूनच वेगळी दातांची कंपनी झाली. असो.

आता समुद्राच्या दुसऱ्या काठावर. ऑर्हुसला हाराल्ड ल्यो नावाचे नॉर्वेजियन प्राध्यापक होते. त्यांनी बारा निरोगी हिरड्यांची माणसं घेतली, त्यातली बहुतेक दंतवैद्यकाच्या पहिल्या वर्षाची मुलं, आणि त्यांचं दात घासणं बंद करायला लावलं. बस्स, एवढाच प्रयोग. दहा ते एकवीस दिवसांत बाराच्या बारा जणांच्या हिरड्या सुजल्या. मग पुन्हा घासायला सांगितलं. आठवडाभरात हिरड्या पूर्ववत. आज हे वाचून कुणी म्हणेल, यात काय मोठंसं? आमच्या आजीला राखुंडी लावताना ठाऊक होतं. पण दातांवर साचणारा जंतूंचा थर हेच हिरड्या सुजण्याचं कारण आहे, आणि तो थर काढला की सूज जाते, हे माणसांवर असं स्वच्छ त्याआधी दाखवलेलं नव्हतं. रोग आणि रोगाचा उतारा, दोन्ही एका महिन्यात दिसले.

या प्रयोगाचा पुढचा धडा परत स्वीडनमध्ये, कार्लस्टाड नावाच्या गावी गिरवला गेला. पेर ॲक्सेलसन आणि यान लिंडे यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ३७५ जणांचा एक गट केला आणि १८० जणांचा दुसरा. दुसऱ्या गटाला नेहमीसारखे उपचार, म्हणजे दात बिघडला की दुरुस्ती. पहिल्या गटाला पहिली दोन वर्षं दर दोन महिन्यांनी बोलावलं आणि नंतर दर तीन महिन्यांनी. बोलावून काय करायचे? घासायला शिकवायचे, कुठे थर राहिला ते दाखवायचे, साफ करून द्यायचे, आणि पुन्हा शिकवायचे. सहा वर्षांत फरक इतका उघड झाला की दुसरा गट तसाच पुढे चालू ठेवला नाही. पहिल्या गटातली २५७ माणसं तीस वर्षं टिकली, त्यांचा अहवाल २००४ मध्ये आला. तीस वर्षांत सरासरीनं एकेकाचे दोन दातसुद्धा गेले नव्हते, आणि जे गेले ते बहुतेक मूळ तडकल्यामुळे.

मला यात सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर ते पुन्हा पुन्हा शिकवणं. शाळेत आम्हाला पहिल्या दिवशी कळतं की एकदा सांगून मूल शिकत नाही. पण डॉक्टरांकडे आपण जातो तेव्हा दोघांचीही समजूत अशी असते की एकदा सांगितलं, झालं.

इथे कुणाला वाटेल, हे सगळं खऱ्या दातांचं झालं. टायटॅनियमला कीड लागत नाही, मग त्याला काय घासायचं? दादा हेच म्हणायचा. "अगं, लोखंडाला काय होतंय!" तर होतं ते असं. खरा दात हाडात झाडासारखा असतो. मुळाच्या पृष्ठभागातून बारीक तंतू निघून आडवे हाडात आणि हिरडीत रुतलेले असतात, त्यांच्यात रक्तवाहिन्या असतात, जाणीव असते. इम्प्लांट विजेच्या खांबासारखा. हाड त्याला घट्ट धरतं हे खरं, पण वरच्या हिरडीतले तंतू त्याच्यात रुतत नाहीत, त्याला समांतर उभे राहतात. खांबाभोवतीच्या फटीतून पावसाचं पाणी जसं खाली उतरतं तशी सूज खाली हाडापर्यंत उतरायला तिथे अडथळा कमी. वर दुखतही नाही. हाड अर्धंअधिक जाईपर्यंत माणूस सुपारी फोडत बसतो.

ऑर्हुसचा प्रयोग १९९४ मध्ये इम्प्लांट असलेल्या वीस जणांवर केला गेला. तीन आठवडे सफाई बंद, आणि इम्प्लांटभोवतीची हिरडीही तशीच सुजली. २०१२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्नला तोच प्रयोग झाला. त्यात दिसलं की पुन्हा तीन आठवडे नीट सफाई करूनसुद्धा इम्प्लांटभोवतीची हिरडी पूर्ण पूर्वपदावर आली नाही, जास्त वेळ लागतो. सूज हिरडीपुरती आहे तोवर ती मागे नेता येते. एकदा का हाड झिजायला लागलं की मग मात्र कठीण. त्याला पेरी-इम्प्लांटायटिस असं जडजंबाळ नाव आहे, पण भाची त्याला 'खांबाखालची माती जाणं' म्हणते. ते नाव मला पटतं.

दादा आमच्यात सगळ्यात मोठा, आज ८३ वर्षांचा. २०११ साली त्यानं खालच्या जबड्यात चार स्क्रू बसवून घेतले आणि त्यांच्यावर टिचबटणासारखी बसणारी कवळी. साधी कवळी त्याच्या जबड्यावर कधी टिकलीच नव्हती, बोलताना जीभ लावून धरायचा. नव्या कवळीनं तो चक्क कणीस खायला लागला. पहिली तीन वर्षं ते डॉक्टर फोन करून बोलवायचे, हा जायचा. मग क्लिनिक दुसऱ्या कुणी घेतलं, फोन यायचे बंद झाले, आणि दुखत नव्हतं म्हणून दादानंही विचारलं नाही. हातात कुठलंही कार्ड दिलेलं नव्हतं, स्क्रू कुठल्या कंपनीचे, किती जाडीचे, काही नाही. २०२२ मध्ये त्याला पक्षाघात झाला. उजवा हात गेला. सांभाळायला एक मावशी येतात, अतिशय नीटस बाई. रोज रात्री कवळी काढून घासून पाण्याच्या वाटीत ठेवायच्या. पण तोंडातल्या चार खुंट्यांना हात लावायला त्या घाबरायच्या. कुणी त्यांना ते करायला सांगितलंच नव्हतं, आणि त्या खुंट्या काय आहेत हेही. घरातल्या सगळ्यांच्या दृष्टीनं कवळी साफ म्हणजे तोंड साफ.

२०२३ च्या दिवाळीत भाची आली होती. दादा जवळ बसून बोलत होता आणि तिला वास आला. दुसऱ्या दिवशी तिनं फोटो काढला. एका स्क्रूभोवतीचं निम्म्याहून जास्त हाड गेलेलं. दुखत होतं का? अजिबात नाही. तो स्क्रू काढावा लागला. बाकी तिघांभोवती हिरडीला सूज होती, हाड थोडंसंच गेलेलं. पण आता कवळीच्या आतल्या वाट्या बदलायच्या तर त्या कुठल्या मापाच्या? जुन्या क्लिनिकमध्ये विचारलं, तिथे जुनी दप्तरं नव्हती. शेवटी तिनं एक्स-रे चार ठिकाणी पाठवले आणि आट्यांच्या आकारावरून एका जुन्या डॉक्टरांनी कंपनी ओळखली. मोडी लिपीच्या वळणावरून कागदाचा काळ ओळखावा तसं!

आणि हे फक्त आमच्या घरचं नाही. अमेरिकेत डॅलसला एका हिरड्यांच्या डॉक्टरांनी, थॉमस विल्सन यांनी, १९८४ साली आपल्याच दवाखान्याचा हिशेब प्रामाणिकपणे छापला. रुग्ण इम्प्लांटचे नव्हते, हिरड्यांच्या आजाराचे होते, पण प्रश्न तोच. आठ वर्षांतले ९६१ रुग्ण. उपचारानंतर ठरल्याप्रमाणे नियमित येणारे किती? १६ टक्के. एकदाही न आलेले ३४ टक्के. उरलेले अधूनमधून. स्वतःच्या वर्गाचा असा निकाल नोटीस बोर्डावर लावायला धाडस लागतं. आणि मग त्यांनी रुग्णांना दोष देत न बसता दवाखान्याचंच वागणं बदललं. सांगायच्या गोष्टी कमी आणि सोप्या केल्या. रुग्णाच्या सोयीची वेळ द्यायची. आठवण करायची. कोण आला नाही याची नोंद ठेवायची आणि त्याला तसं कळवायचं. जो नीट करतो त्याला शाबासकी द्यायची. कोण सुटणार याचा अंदाज आधीच बांधायचा. (आमच्या मुख्याध्यापक बाईंनी हीच यादी पटावरची गळती थांबवायला केली असती, शब्दही फारसे बदलावे लागले नसते.) १९९३ मध्ये पुन्हा मोजलं तेव्हा नियमित येणारे १६ वरून ३२ टक्क्यांवर गेले होते. म्हणजे दुप्पट. आणि तरीही तीनात एक. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

हे बोलावण्याचं आणि शिकवण्याचं काम कुणी करायचं? त्याचाही एक इतिहास आहे, आणि तो वाचताना मी मनातल्या मनात टाळी वाजवली. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात ब्रिजपोर्ट गावी आल्फ्रेड फोन्स नावाचे दंतवैद्य होते. १९०६ मध्ये त्यांनी आपल्या दवाखान्यात मदतनीस असलेल्या आयरिन न्यूमन या चुलतबहिणीला दात साफ करायला आणि लोकांना शिकवायला तयार केलं. ती पहिली डेंटल हायजिनिस्ट. १९१३ मध्ये फोन्सनी पहिला वर्ग काढला, त्यांच्या गॅरेजमध्ये! त्या वर्गात परिचारिका होत्या, काही दंतवैद्यांच्या बायका होत्या आणि शाळेतल्या शिक्षिका होत्या. आणि शिकून बाहेर पडल्यावर त्यांतल्या बऱ्याच जणी कुठे गेल्या? ब्रिजपोर्टच्या शाळांमध्ये, मुलांचे दात तपासायला आणि घासायला शिकवायला. म्हणजे हा व्यवसाय जन्मला तोच अर्धा शाळेत.

आपल्याकडे १९४८ च्या डेंटिस्ट्स ॲक्टमध्ये डेंटल हायजिनिस्ट हा वेगळा वर्ग मान्य केलेला आहे. स्वातंत्र्यानंतर अवघ्या वर्षभरात, म्हणजे दूरदृष्टी होती. पण मला सांगा, तुमच्यापैकी किती जणांना आपल्या गावच्या दवाखान्यात अशी बाई किंवा बुवा भेटला आहे? बहुतेक ठिकाणी साफ करायचं कामही डॉक्टरच करतात, आणि बाहेर पाच माणसं दाढ धरून बसलेली असताना ते शिकवणार कधी? स्क्रू परदेशातून आला, तो बसवायचं तंत्र शिकून आपली मुलं उत्तम तयार झाली, पण स्क्रूच्या पाठोपाठ ही बाई आली नाही.

ती आली तर काय फरक पडतो, हे ब्राझीलच्या बेलो होरिझोंते शहरात मोजलं गेलं आहे. तिथल्या डॉक्टरांनी इम्प्लांटभोवतीची हिरडी सुजलेली पण हाड शाबूत असलेले ८० रुग्ण पाच वर्षांनी पुन्हा तपासले. ३९ जण मधल्या काळात नियमित तपासणी-सफाईला येत होते, ४१ जण येत नव्हते. येणाऱ्यांपैकी १८ टक्क्यांना हाडाचा आजार झाला. न येणाऱ्यांपैकी जवळजवळ ४४ टक्क्यांना. हा निबंध २०१२ चा. दादाच्या तोंडात तेव्हा स्क्रू बसून एक वर्ष झालं होतं.

खुद्द स्वीडनमध्येसुद्धा सगळं आलबेल नाही, हेही सांगायला हवं. तिथे २००३ साली सरकारी विम्यातून इम्प्लांट केलेल्यांपैकी चिठ्ठ्या टाकल्यासारखी माणसं निवडून नऊ वर्षांनी जवळजवळ सहाशे जणांची तपासणी केली. १४.५ टक्के लोकांत हाडाचा मध्यम किंवा गंभीर आजार सापडला. गॉथेनबर्गच्या त्या पहिल्या ३७१ जणांभोवती जो पहारा होता तो गावोगावच्या दवाखान्यांत तितका कडक राहणार नव्हताच.

यातून पुढे दंतवैद्यांनी व्याख्याही नव्यानं बांधल्या. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वर्गीकरणात एक कलम आहे, ते वाचून मला माझा बी.ए.चा इतिहासाचा वर्ग आठवला. आजार आहे की नाही हे ठरवायला आधीच्या नोंदीशी तुलना करायची. दात बसवल्यावर काढलेला फोटो म्हणजे मूळ दस्तऐवज. तो असेल तर आजचा त्याच्याशेजारी ठेवायचा. आणि नसेल तर? तर सळई सहा मिलिमीटर किंवा जास्त आत जाते का, रक्त येतं का, आणि हाड तीन मिलिमीटर किंवा जास्त खाली गेलंय का, यावरून अनुमान करायचं. दस्तऐवज हरवला की इतिहासकारही असंच करतात, पण कुठलाही इतिहासकार तुम्हाला सांगेल की अस्सल कागद असता तर बरं झालं असतं. अनुमानात तीन मिलिमीटर आधीच गेलेले असतात.

आता दादाचं कसं चाललंय ते. भाचीनं पहिली गोष्ट केली ती मावशींना शिकवण्याची. दादाच्या जबड्याचा प्लास्टरचा ठसा करून आणला, त्यावर खुंट्या दाखवल्या. बाटली धुवायच्या ब्रशाचं पिल्लू दिसावं असे बारीक ब्रश मिळतात, तो खुंटीच्या चारी बाजूंनी कसा फिरवायचा ते आधी ठशावर, मग दादाच्या तोंडात. मावशींनी विचारलं, "रक्त आलं तर थांबू का?" भाची म्हणाली, "थांबू नका. हळू करा, पण करा. आणि मला सांगा." मावशींना लिहिता येत नाही फारसं. त्यांनी स्वतःची युक्ती काढली. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, जिथे दुधाचा हिशेब असतो, तिथेच त्या रोज रात्री एक टिंब देतात आणि रक्त आलं असेल तर लाल फुली. दर तीन महिन्यांनी दादाला नेतात तेव्हा कॅलेंडरची पानं बरोबर जातात. भाची आधी पानं बघते, मग तोंड. पहिल्या तिमाहीत फुल्याच फुल्या होत्या. या वर्षीच्या पानांवर मी शोधल्या तर महिन्याला एखादी. एका महिन्यात सलग चार होत्या, तेव्हा मावशी गावी गेल्या होत्या आणि दुसरी बाई येत होती.

तीन महिने हा काही सगळ्यांसाठी नियम नाही हं. दादाला मधुमेह आहे, पूर्वी तंबाखू होती, एक हात चालत नाही, म्हणून तीन. धडधाकट माणसाला पाच-सहा महिन्यांनी पुरतं असं बरेच जण म्हणतात. तिथे गेल्यावर वरवर बघून "छान आहे" म्हटलं म्हणजे तपासणी नव्हे. हलक्या हातानं सळई घालून रक्त येतं का बघायचं, ठरावीक काळानं फोटो काढून जुन्याशी ताडायचा, कवळीची किंवा कॅपची पकड बघायची, साफ करायचं, आणि तुमचा ब्रश तुमच्याच हातात देऊन घासून दाखवायला सांगायचं. हे शेवटचं कुणी करत नसेल तर आपण होऊन म्हणावं.

स्वीडननं आणखी एक गोष्ट केली ती मला आपल्या घरांसाठी फार जवळची वाटते. १९९९ पासून तिथे परावलंबी वृद्धांच्या घरी किंवा वृद्धाश्रमात जाऊन वर्षातून एकदा त्यांचं तोंड तपासतात आणि सांभाळणाऱ्याला सांगतात की यांचं तोंड असं असं साफ करायचं. ज्या देशानं साठीच्या माणसाला स्क्रू बसवून दिले त्याला वीस-पंचवीस वर्षांनी कळलं की हा माणूस आता पंच्याऐंशीचा झाला, स्क्रू जिथल्या तिथे आहेत, पण ब्रश धरणारा हात थरथरतो. आपल्याकडे आता ती पिढी त्या वयाला येऊन पोचते आहे. आमच्याच नात्यात मी मोजली तर दादा धरून सहा माणसं.

म्हणून मी एक छोटं काम करते आहे. प्रत्येकाकडून लिहून घेतेय: स्क्रू कधी बसवले, कुठल्या कंपनीचे, लांबी-जाडी काय, कुणी बसवले, शेवटचा फोटो कधीचा आणि तो कुणाकडे आहे. सहापैकी दोघांकडे कार्ड निघालं. कोल्हापूरच्या वहिनींचं गॅसच्या पुस्तकात होतं. दोघांनी डॉक्टरांकडे मागितलं, मिळालं. दादाचं झालंच. राहता राहिला आमचा कॅलिफोर्नियातला मावसभाऊ. तिकडे परवडत नाही म्हणून दर दोन वर्षांनी सुट्टीत पुण्यात येऊन एकेक दाढ बसवून जातो. तिकडच्या डॉक्टरांकडे इकडच्या कामाचा एकही कागद नाही आणि इकडचे डॉक्टर त्याला दोन वर्षांतून एकदा बघतात. बाबा रे, तू हे वाचत असशीलच. या डिसेंबरात येशील तेव्हा चारही दाढांचे फोटो आणि स्क्रूंचे नंबर मागून घे, आणि जायच्या आधी तिकडची सहा महिन्यांनंतरची तारीख ठरवून मला कळव. मी वहीत तुझं नाव लिहून ठेवलंय, पुढचा चौकोन रिकामा आहे.